रुमालाखाली

पुस्तकातलं पहिलं वाक्य:
एजंट म्हणजे जो भोवताल पाहतो, ठरवतो, आणि करतो.
मी ते मोठ्यानं वाचलं,
कारण निकाल लागून चार दिवस झाले होते
आणि घरात कुणीतरी काहीतरी मोठ्यानं बोलायला हवं होतं.

आप्पा कट्ट्यावर बसून दाव्याला गाठ मारत होते.
"काय वाचूलीस ग?"
मी पुन्हा वाचलं.
"एजंट? म्हणजे आमीच की.
बघायचं, ठरवायचं, करायचं.
पण बघतानाच चुकलं
तर पुढचं सगळं बरोबर करून काय उपेग."

माझे आप्पा, परसराम हुंदरे, कडोलीचे,
जनावरांच्या बाजारातले हेडी.
शनवारी बेळगाव, मधल्या वारी जमेल तसं हुक्केरी, संकेश्वर.
बैलाचे दात बघतात, खूर दाबतात,
माझ्या फीचे हप्ते त्याच हातानं मोजतात
आणि मोजताना कॉलेजचं नाव घेत नाहीत.

तिसऱ्या प्रकरणात लिलाव आहेत.
बंद पाकिटातली बोली: सगळ्यात मोठी जिंकते,
पण पैसे भरायचे दुसऱ्या नंबरच्या बोलीइतके.
सिद्धता दीड पान.
शेवटी हाती येतं ते एवढंच,
की अशा बाजारात मनातली खरी किंमत बोलण्यातच फायदा.

आप्पा इतके हसले की हातावरची तंबाखू सांडली.
"खरं बोलून हेडीची चूल पेटायची कशी?"
मग बराच वेळ गप्प.
मग, आत जाता जाता:
"दुसऱ्या नंबरचे पैसे…
डोकं हाय गड्याला."

लहानपणी एकदाच मी बाजारात गेले होते.
पाट्यांवरची अक्षरं कुठल्या भाषेत असावीत
यावरून त्या आठवड्यात बस बंद होत्या.
दस्तगीरचाचांच्या टेम्पोत, दोन म्हशींच्या मागं बसून गेलो.
बसलिंग अण्णा बैलहोंगलहून तसेच कशातून तरी आलेले.
त्यांचं मराठी मोडकं,
आप्पांचं कन्नड शिव्यांपुरतं पक्कं.
दोघांचे हात एका रुमालाखाली गेले
आणि तिथं कुणाचंच काही मोडकं नव्हतं.
चेहऱ्यावर काही नाही. बैल शेपूट हलवतोय.
रुमाल जरा हलला, थांबला, पुन्हा हलला,
आणि खोंडाचा मालक बदलला.

पुस्तक याला प्रोटोकॉल म्हणतं.

काल रात्री म्हटलं, "मलाबी शिकवा."
"बायकांना कोण देतंय हात बाजारात," म्हणाले,
पण खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या मनगटावर टाकला.
एक बोट धरलं: एक.
दोन धरली: दोन.
सगळा पंजा: पाच.
"पाच काय? पाचशे? पाच हजार? पन्नास?"
"ते बोट सांगत न्हाई.
जनावर समोर उभं असतंय की.
त्याला ठाऊक, मला ठाऊक,
आणि एकमेकाला ठाऊक हाय हेबी दोघांना ठाऊक."

सातवं प्रकरण.
मला ठाऊक आहे की तुला ठाऊक आहे की मला ठाऊक आहे की…
सरांनी फळा भरवला होता,
पुसून पुन्हा भरवला होता.
शिवलीलानं मला दोनदा समजावलं, एकदा कन्नडमधून.
पेपरात नेमकं तेच आलं
आणि मी तिसऱ्या 'की'वर पेन टेकवून
घंटा होईपर्यंत बसून राहिले.
ही शिडी वर जातच राहते, तिला शेवटची पायरी नाही.
आप्पा ती चढलेच नाहीत.
त्यांनी नुसता पंजा धरला.

मग माझी पाळी.
त्यांच्या तळहाताला दाव्याचे घट्टे.
रुमालाखाली मी त्यांची तीन बोटं धरली
आणि सोडली नाहीत.

तीन काय, ते त्यांनी विचारलं नाही.

गोठ्यात घंटा वाजली, कुठल्या तरी जनावरानं मान हलवली असेल.
आप्पांनी रुमाल झटकला, खांद्यावर टाकला,
आणि सौदा न जमलेल्या माणसाला म्हणतात
तसंच, त्याच आवाजात म्हणाले,
"बरं. पुढच्या बाजारी बघूया."