रात्रपाळीची नोंद

मस्कत, मत्रा. दोन वाजून दहा.
लॉबीच्या काचा बाहेरून घामेजल्यात,
पलीकडे बंदरात एक बोट दिवे लावून उभी,
आणि चारशे बाराचा पाहुणा
काउंटरवर तळहात आपटतोय:
मॅनेजरला बोलवा.

बोला, म्हणते मी.
तो माझ्या खांद्यावरून मागे बघतो.
मागे फक्त भिंतीवरची घड्याळं,
मस्कत, लंडन, टोकियो.
सवयीचं आहे. मी त्याला वेळ देते
माझ्यापर्यंत परत यायला.

पाहुणा. आमच्याकडे हा शब्द
जाताना पोरांच्या मुठीत
काहीतरी कोंबून जायचा.

मनगटी घड्याळ हरवलंय. किंमत सांगतो,
माझा दोन वर्षांचा पगार.
संध्याकाळी खोली कोणी केली?
तिगिस्तनं.
तिची बॅग उघडा. आत्ता. माझ्यासमोर.

तिगिस्त पँट्रीच्या दारात.
हात एप्रनच्या खिशात नाहीत, बाहेर,
दोन्ही, दिसतील असे.
हे कुणी शिकवत नाही.

सतरा वर्षांपूर्वी, मनामात,
मी, रोहिणी कुबल, वेंगुर्ल्याची,
पाळीला सोळा खोल्या,
अंगठ्याच्या नखाखाली कायम साबणाची भेग.
कुणा बाईचं कानातलं हरवलं
आणि साहेबांनी माझी बॅग
गालिच्यावर उपडी केली.
टिकल्यांचं पाकीट. कागदात सकाळची पोळी.
पॅड. आईचं पत्र, अर्धंच वाचलेलं.
कानातलं नव्हतं.
ठीक आहे, उचल, म्हणाले.
गुडघ्यांवर बसून उचलताना दिसलं,
गालिच्यावर व्हॅक्यूमच्या रेषा
मीच ओढलेल्या, सकाळी,
सरळ.

आई शेजारी सांगायची, रोहिणी ऑफिसात आहे.
लोकांची अंथरुणं घालते म्हणायला
तिची जीभ उचलायची नाही.
सुपरवायझर झाले, तरी ऑफिसात.
मग तिघांना मी काम शिकवलं,
कापडाचा हिशोब, पाळ्यांचा तक्ता, कुठल्या पाइपला कधी गळती लागते ते.
तिघंही माझे साहेब झाले.
चौथ्या वेळी निलमिनीनं माझा अर्ज
माझ्या आधीच टाइप करून आणला.
म्हणाली, सही कर, नाहीतर मी करते.
आता खरंच ऑफिस आहे, आई.
लॉन्ड्रीच्या भिंतीला पाठ लावून.
बारा महिने कोमट.

आधी खोली बघू, म्हणते मी.
लिफ्टमध्ये झुवैना, शिकाऊ, इथलीच,
नोकरीचा दुसरा आठवडा,
हळूच विचारते,
बॅग बघितली असती तर संपलं नसतं का?
संपलं असतं.
लिफ्ट चौथ्यावर थांबते.

गादी उचलली. पडद्यांचे झोळ झाडले.
ओले टॉवेल एकेक करून.
तिजोरीमागे त्याचाच एक मोजा.
घड्याळ नाही.
मुख्य कार्यालयाला कळवीन, म्हणाला.
पत्ता मीच लिहून दिला,
आणि पोलिसांचा नंबरही.
तो त्यानं खिशात नाही ठेवला.

साडेतीन. फॉर्म.
कर्मचाऱ्याची झडती घेतली का?
नाही.
कोणाच्या आदेशावरून?
या रकान्यात नेहमी एकच आडवी रेघ मारतात.
मी पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्यासकट.
सही जरा मोठी झाली, चौकटीबाहेर गेली.

आणि असलंच त्यात, तर?
हा प्रश्न मला पडला नाही असं नाही.
पहाटे चारला तो समोरच्या खुर्चीत बसलाय,
चहा न विचारता.

चारशे चौदाला जादा उशी हवीय, तिगिस्त.
ती ट्रॉली घेऊन निघते,
एक चाक करकरतं,
महिनाभर सांगतेय मी मेंटेनन्सला.
पँट्रीत खुंटीला तिची बॅग.
निळी, एका बंदाला गाठ मारलेली,
चेन बंद.
आत काय आहे,
मला माहीत नाही.