कारणाचा रकाना

जुन्या जकात नाक्याच्या खोलीत बसते मी.
पूर्वी इथं ट्रक अडवायचे.
आता इथून दोन गाड्या सुटतात,
एक रॅम्पवाली,
एक साधी, जिचं डावं दार फक्त बाहेरूनच उघडतं.

नगरपरिषदेनं दिलं ते एवढंच:
एक फोन, एक रजिस्टर, डिझेलची मोजकी कूपनं
आणि जिंतूर तालुक्याचा नकाशा.
त्यात तीन तांडे नव्हतेच.
ते मी पेनानं टाकले.

आदल्या दिवशी चारच्या आत फोन करायचा.
नाव, गाव, खुर्ची की कुबडी, सोबत कोण,
जायचं कुठं,
आणि शेवटचा रकाना, कारण.
दवाखाना, शाळा, कचेरी, बँक. एवढीच चालतात.

चारठाण्याची बाळंतीण आणि बोरीचा अंबादास
एका गाडीत बसत नाहीत,
रस्तेच पाठीला पाठ लावून निघतात.
अंबादासचं डायलिसिस परभणीला.
दहाला सुटेल म्हणतात, साडेअकरा होतात.
रक्त घड्याळ बघत नाही.
तोवर चारठाण्याहून तिसरा फोन,
"ताई, यायली का गाडी?"
यायली, म्हणते मी. निघालेली नसली तरी.

लेखापाल विचारतात,
किलोमीटरमागं माणसं किती?
मी म्हणते, काही माणसांना
किलोमीटर जास्त लागतात.
ते हे लिहून घेत नाहीत.

अजून एक रकाना आहे, "आला नाही".
तीनदा आला नाही तर नाव कमी.
मथुराबाई गवारेंच्या पुढं मी तो शिक्का मारला
आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेचा फोन आला,
गाडी नको म्हणून. कधीच.
तेव्हापासून तो रकाना
पेन्सिलनं भरते.

मागच्या सोमवारी, चारला आठ कमी असताना,
कौसडीहून निवृत्ती डुकरे.
परांचीवरून पडला त्याला सहा वर्षं झाली.
"उद्या जिंतूरला न्या."
कारण?
"कारण काहून लागतं?"
लागतं हो. रकाना आहे.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज, त्याच्याकडचा की माझा.
मग म्हणाला,
"शाळेची नवी भिंत बांधायलेत म्हणं.
बघायची होती."

परभणीला अंबादासला सोडून
साधी गाडी रिकामीच परत येते.
रिकामी गाडी डिझेल तेवढंच खाते.
पण तिला रॅम्प नाही.
मी मुनीरभाईंकडं बघितलं.
ते म्हणाले, पाठीवर घेईन, खुर्ची मागं टाकू.
मग मी त्या रकान्यात लिहिलं,
तपासणी.

मुनीरभाई सांगत होते,
खुर्चीला ते दोन पट्टे बांधतात नियमाचे
आणि तिसरा आपल्या मनाचा.
मागं खुर्ची, पुढं निवृत्ती,
मांडीवर दोऱ्याला बांधलेला खडा, घरूनच आणलेला.
भिंतीपुढं एक डोळा मिटून तो धरून बसला.
गवंडी थांबले. एकानं चहा आणला,
तो तसाच गार झाला.
"बोटभर बाहेर आहे," एवढंच बोलला,
आणि परतीला बोरीचा फाटा येईपर्यंत
मुनीरभाईंच्या शेजारी
काच खाली करून
गप्प.

महिन्याचा गोषवारा मागवलाय.
लेखापालांचं बोट त्याच ओळीवर थांबलं.
तपासणी कुठल्या दवाखान्यात?
मी म्हटलं, सरकारी.
शाळा सरकारीच आहे.

काल पुन्हा त्याचा फोन आला, तीनलाच.
भिंत वरचे चार थर उतरवून पुन्हा चढवायलेत म्हणे.
मी रजिस्टर उघडलं.
विचारलं नाही.
गाव कौसडी, सोबत कोणी नाही,
खुर्ची.