पडला तरी

खेकड्यांच्या कारखान्यामागे दोन पिल्लं उरली होती.
एक सरळ चालणारं. ते दुपारपर्यंत गेलं.
दुसरं माझ्या ॲप्रनच्या खिशातून घरी आलं,
मासळीच्या वासात, स्वतःच्याच मुतात भिजलेलं.

फरशीवर ठेवलं
तर आधी मान हलली, मग पुढचे पाय,
मग मागचे, पुढच्यांना न विचारता,
आणि ते स्टोव्हपाशी आडवं झालं.
उठलं. पुन्हा आडवं.
मला वाटलं, उपाशी असेल.

डॉक्टर दानित्सा मिलोविचने
त्याच्या नाकापुढे पेन धरलं.
पेनजवळ जावं तसं त्याचं डोकं जास्तच डुगडुगलं.
म्हणाली, याचा लहान मेंदू
लहानच राहिला.
आई गाभण असताना तिला काहीतरी झालं असणार.
दुखत नाही त्याला. वाढणार नाही हे,
बरंही होणार नाही.
औषध? नाही.
बोका आहे, बरं का,
एवढं सांगून तिने पुढच्या कुत्र्याला आत घेतलं.

केयोनहून बहिणीचा फोन.
ओर्फेलिना म्हणाली, अख्खं पुंता आरेनास मांजरांनी भरलंय,
तुला एक धड मिळालं नाही?
म्हटलं, धड होतं ते दुपारीच गेलं.
ती बराच वेळ बटाट्यांच्या भावाबद्दल बोलली.

मग मी गालिचे गोळा केले.
मेलेल्यांच्या घरचे, हॉटेलने टाकलेले,
एक तर चर्चच्या पायरीवरचा, विचारून.
गुळगुळीत जमीन म्हणजे त्याला बर्फ.
नखं कापत नाही मी त्याची, तेच त्याचे नांगर.
वाडगा जड मातीचा, दोन विटांवर,
नाहीतर तोंड थेट आत बुडतं आणि तो शिंकत राहतो.
आणि कारखान्यातला एक क्रेट, पुढून कापलेला, वाळू भरून.
उरलेल्या तीन भिंतींना टेकून तो बसतो तेव्हा
बार बंद होताना शेवटी उरलेल्या गिऱ्हाइकासारखा दिसतो.

शेजारच्या येर्कोने नाव ठेवलं त्रोंपो,
म्हणजे भोवरा.
म्हटलं, अरे, भोवरा निदान फिरताना तरी
सरळ उभा असतो.
येर्को सात वर्षांचा. म्हणाला, हा थांबल्यावरचा भोवरा.

लोकरीच्या गुंड्यावर झेप घेतो
आणि माझ्या बुटावर उतरतो.
मग बुटाकडे असं बघतो,
जणू सकाळपासून बूटच हवा होता.
पडला तरी नाक वर.

नोव्हेंबरात वारा सुटला.
नगरपालिकेने चौकाचौकांत दोर बांधले.
या दिवसांत इथे कोणी सरळ चालत नाही:
बँकेचा मॅनेजर, दोन नन, शाळेची पोरं,
सगळे पाय फाकवून, कमरेत वाकून,
दोराला धरून झोकांड्या खात
पाव आणायला निघालेले.
कोपऱ्यावर माझा हात सुटला.
गुडघा फुटला, कांदे घरंगळत रस्त्यावर.
टाय लावलेल्या एका माणसाने
एका हाताने दोर न सोडता
दुसऱ्याचं कोपर माझ्यापुढे केलं,
आणि पायाने कांदे अडवले, जमतील तेवढे.
हसला नाही. हळहळलाही नाही.
तीन कांदे वाचले.

घरी येऊन भिंतीला टेकून जमिनीवरच बसले.
तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता.
निघाला.
आधी मी धावत जाऊन उचलायचे त्याला,
आणि तो नखं काढायचा. आता उचलत नाही.
खुर्चीपाशी पडला, टेबलापाशी पडला,
सपाट जागेवर, काही कारण नसताना, पडला.
येऊन नेमका फुटलेल्या गुडघ्यावर कोसळला.
मी शिवी दिली. तो घुरघुरू लागला.

ओर्फेलिना अजून विचारते, सुधारलं का काही?
सांगते, हो, मी सुधारले.
ती समजते, गुडघा.

रात्री दिवा मालवला की ऐकू येतं,
गालिच्यावर खरखर, तिरकी, थांबत थांबत.
मग धप्.
मी अंथरुणातून उठत नाही.
थोडा वेळ काहीच नाही,
बाहेर फक्त पत्रे वाजतात.
मग लपलप, लपलप,
विटांवरच्या वाडग्यातलं पाणी.