दिनविशेष

सकाळी सहा पन्नासला मी तारखा वाचते.
शिवाजीनगर, स्टुडिओ नंबर दोन,
गारठा इतका की स्वेटर खुर्चीलाच टांगलेला,
कोपरात विरलेला, कुणाचा ते आता कुणालाच माहीत नाही.
महिन्याला सहा ड्यूट्या माझ्या.
तारखा मात्र तीनशे पासष्ट सांभाळायच्या.

त्या राहतात चपलांच्या एका खोक्यात,
लक्ष्मी रोडच्या दुकानाचं नाव अर्धं पुसलेलं.
आत पुठ्ठे, निळ्या शाईतले:
अमक्याचा जन्म, तमकीची पुण्यतिथी,
पहिली तबकडी, पहिलं थेट प्रक्षेपण,
आणि शहरात चित्र आलं ते साल,
जेव्हा पेठेतल्या गच्चीगच्चीवर
कुणीतरी अँटेना पिळत ओरडायचं, "आलं का?"
आणि खालून, "गेलं! जरा सिंहगडाकडे!"
(हे पुठ्ठ्यावर नाही. हे आईनं सांगितलेलं.)

काही तारखांना गर्दी, उभं राहायला जागा नाही.
काही अगदीच रिकाम्या.
त्या दिवशी मी हवामान सावकाश वाचते.

गणपती उठल्यावर आठवड्यानं एक कार्ड आलं,
धायरीहून. अक्षर शाळकरी, ओळी चढावर:

"स. न. आपण नेहमी सांगता
गीत कुणाचं, चाल कुणाची, गायलं कोणी.
त्या चांदण्याच्या भावगीतात, शब्द सुरू होण्याआधी
जी क्लॅरिनेट आहे ती आमच्या वडिलांची.
भिकोबा वायदंडे, बँडवाले, मंगळवार पेठ.
तबकडीवर नाव नाही, ते ठीक आहे.
लग्नाची सुपारी सोडून गेले होते
म्हणून तारीख घरात पक्की,
आई तीन दिवस बोलली नव्हती.
सहा नोव्हेंबरला पन्नास वर्षं होतात.
जमल्यास सांगावे.
ता. क. आपण दर वेळी त्याच जागी बोलता."

मोघेसाहेबांनी कार्ड दोनदा वाचलं.
"पुरावा?"
मी म्हटलं, मोडलेल्या सुपारीची पावती कोण देतं.
ते हसले नाहीत. चष्मा पुसत राहिले.
"वाजवणाऱ्यांचं सुरू केलं ना बाई,
तर वर्ष पुरायचं नाही."
वाईट माणूस नाही. बरोबरच होतं त्यांचं.

खरं सांगायचं तर मला ती क्लॅरिनेट
अठरा सेकंद म्हणून माहीत होती.
अठरा सेकंदांत फर्माईशवाले बसतात,
भोसरी, येरवडा, सासवडचं पूर्ण कुटुंब,
एका दमात, शेवटच्या नावाचा शेवटचा काना
आणि गाण्याचा पहिला शब्द, मधे केसाचंही अंतर नाही.
नव्या मुली मला विचारतात, कसं जमतं.

सहा नोव्हेंबर.
दोन जन्म वाचले, एक निधन.
म्हटलं, ऐकू या.
आणि स्वतःचाच फेडर खाली ओढला.

क्लॅरिनेट आधी चाचपडते,
परक्या घरात शिरलेल्या माणसासारखी
चपला कुठं काढायच्या ते बघत.
मग तिला कुणीतरी बस म्हणतं.
मग ती बसत नाहीच, चढत जाते,
वरातीत घोड्याच्या पुढे चालल्याची सवय असावी तशी,
रस्ता आपलाच असल्यासारखी,
आणि वरच्या स्वरावर दम जरासा कमी पडतो.
ऐकू येतो तो.
सूर नाही, दम.
पन्नास वर्षांपूर्वीची एक छाती
रिकामी होऊन परत भरते
माझ्या हेडफोनमध्ये.

मग शब्द आले. मग सगळी नावं असलेली माणसं आली.

लॉगबुकात मोघेसाहेबांचं अक्षर:
"निवेदन नाही, अठरा सेकंद. कारण कळले नाही."
खाली सही.
कारण त्यांना कळलं होतं.

धायरीहून पुन्हा कार्ड आलं नाही.
ऐकलंही नसेल. सहा पन्नासला तिकडं पाणी येतं,
मोटरच्या आवाजात रेडिओ कुठला.

खोक्यात एक पुठ्ठा वाढला आहे.
नाव लिहायची मला परवानगी नाही.
म्हणून दुकानाच्या दारावर पाटी लावावी तसं
मोठ्या अक्षरात लिहिलंय,
माझ्यानंतर जी कुणी बसेल तिच्यासाठी:

६ नोव्हेंबर.
येथे बोलू नये.