चालेल / नाही चालेल

सोसायटीच्या टेबलावर आज
बर्फाच्या पावत्यांऐवजी फोन मांडलेत.
अकरा फोन, दोन टॅब,
आणि ऑफिसचा तो संगणक,
ज्याला उठायला भरती लागते.

डिझेलच्या कोट्याचं अ‍ॅप
सीझन सुरू झाला की
जुन्या सिस्टीमवर उघडणार नाही,
असं पत्र आलंय. खालची सही वाचता येत नाही.
म्हणून मी रजिस्टरात रकाने आखले :
नौका, तांडेल, मॉडेल, शिल्लक जागा,
चालेल / नाही चालेल.
'नाही चालेल' व्याकरणात बसत नाही,
रकान्यात बसतं.

सेटिंग. खाली सरका. अजून खाली.
फोनविषयी.
काचेवर वाळलेले खवले. नखाने काढते.
बोट ठेवा, मी म्हणते.
फोन बोट ओळखत नाही.
दोर ओढून ओढून
या माणसांच्या बोटांवर रेघाच उरल्या नाहीत.

सरफराज होडेकर : चालेल.
पण सहा जीबी जागा हवी,
आणि त्याच्याकडे मुलीच्या निकाहाचे
चार हजार फोटो,
त्यातले निम्मे मंडपाच्या छताचे.
पायरीवर बसून तो एकेक पुसतोय,
पुसायच्या आधी मला दाखवतोय.

बाहेर, झापांखाली ओढून ठेवलेल्या होड्यांना
लवू मेस्त्री हातोडीने ठोकत चाललाय.
टण् वाजलं तर पुढे.
बद् वाजलं तर थांबतो, कान लावतो,
खडूनं फुली मारतो.
त्याला रकाने लागत नाहीत.
मी एक फोन टेबलावर हळूच ठोकून पाहिला.
कुणी बघितलं नाही.

मग भिवा दोरकुळकर.
प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, त्यांच्या आत टॉवेल,
टॉवेलात टॅब.
'हे उपकरण नव्या आवृत्तीसाठी पात्र नाही.'
"पात्र नाय म्हंजे? नापास?"
नापास नाही हो, वय झालं त्याचं.
"वय तं माजा पन झालाय.
मना कोन इचारत नाय अपडेट करू का."

हसलो. मग तो हसायचा थांबला.
टॅबात त्याच्या खुणा आहेत,
दोनशे बारा :
कुठे खडक, कुठे जुन्या तारवाचं बूड
जाळं फाडायला टपलेलं,
कुठे कुठल्या महिन्यात सुरमई.
खुणांचं अ‍ॅप बनवणारी कंपनी बंद पडली,
नव्या यंत्रात त्या उतरत नाहीत.
मी दोनदा केबल लावून बघितली,
एकदा उलटी.

शेवटी रजिस्टर पालथं केलं
आणि मागच्या पानापासून लिहायला बसले.
अक्षांश, रेखांश, शेरा.
आकडे मी स्क्रीनवरून घ्यायचे, शेरा त्याने सांगायचा.
तो खिडकीतून बघत सांगत होता :
कनकदुर्गाचा दिवा
मागच्या डोंगराच्या खांद्यावर बसला
की डाव्या अंगाला दगड.
दिवा खांद्यावरून घसरला
की सुटलात.

साठाव्या खुणेवर तो गप्प झाला.
पुन्हा आकडे वाचायला सांगितले.
चष्मा लावून स्वतः वाचले.
"ही माजी नाय.
किसनानं केली असंल, रातच्याला, मी निजलेला असताना."
किसन आता कुठे असतो, ते मी विचारलं नाही.
शेऱ्यात काय लिहू? विचारलं.
"लिव. काय तरी असंलच थय."

तेच लिहिलं.

साडेसहाला लाइट गेली.
संगणक अठ्ठेचाळीस टक्क्यांवर होता,
'बंद करू नका' म्हणत होता.
टॅबची बॅटरी नऊ टक्के.
भिवाने तो टॉवेलात गुंडाळला,
पिशवी, पुन्हा पिशवी,
आणि पायरीवरच्या सरफराजला ओलांडून गेला.
त्याच्या चेहऱ्यावर फोनचा उजेड,
अजून छतच पुसत होता.

दोरकुळकरांसमोरचा रकाना
कोराच ठेवलाय.
एकसष्टपासून उद्या.
माझा स्वतःचा फोन
मी अजून तपासलेला नाही.