एच-इंडेक्स : अकरा

बढतीच्या अर्जात सातवा रकाना :
सायटेशन्स, एकूण.
मी लिहिते चारशे बारा.
खिडकीखाली ॲबरिस्टविथचा समुद्र
धक्क्यावर आपटतो, मोजत नाही.

चारशे बारातल्या एकशे साठ
त्या एकाच पेपरच्या,
ज्यात माझा दशांश चुकला.
लोक अजून लिहितात, दिघे (२००९) इथे घसरल्या,
आणि दर घसरणीला
माझा आकडा एकाने चढतो.

शेहेचाळीस तर मीच मला दिल्यात.
तसं अर्जात विचारलेलं नाही.

एमरिस प्यू कुठेच नाही.
एकोणीस वर्षं, दर मंगळवारी,
गुडघाभर दलदलीत उतरून
काठीवरची पाण्याची खूण वाचायचा,
वहीत टिपायचा शिसपेन्सिलीने.
शाई इथे टिकत नाही, म्हणायचा.
आभारात आहे तो,
शेवटून दुसऱ्या ओळीत,
अनुदानाच्या क्रमांकाआधी.
आभार कोणी मोजत नाही.

परवा त्याची मुलगी आली, कार्यानंतर,
बटाट्याच्या खोक्यात वह्या घेऊन.
ओल सुकून पानांचे पापड झालेले.
उभ्या रांगेत आकडे, आकडे,
आणि एका मंगळवारी आकड्याच्या जागी
वेल्शमध्ये काहीतरी.
तिनेच वाचून दाखवलं :
धुकं. काठी दिसली नाही.
अंदाज लिहीत नाही.

चहा घेणार का, असं मी विचारलं बहुतेक.

तारीख ओळखीची होती.
त्या दिवसाचा आकडा
माझ्या पेपरात आहे,
दशांशासकट.