खाल्ल्या मिठाला

माझा भाऊ नेल्सन आताकामाच्या खारवटात ट्रक चालवतो.
आठवडाभर तिकडे, मग घरी, आन्तोफागास्ताला,
बुटांच्या शिवणीत पांढरी पूड घेऊन.
तिथल्या खाऱ्या पाण्यातून काढतात लिथियम,
जगभरच्या फोनांसाठी
आणि चिमूटभर माझ्यासाठी, रात्री नऊला.

आई म्हणते, यास्ना, भरल्या पोटी घे.
तिथंच तर घोडं अडतं.

एक आहे, जी नोव्हेंबरात पहाटे तीनला
स्वयंपाकघर नारिंगी रंगवते,
आईचं शिलाई मशीन विकून
पाणबुड्यांचे अकरा पोशाख आणते : चल, शाळा काढू!
मला पोहता येत नाही.
ती निघून गेली की मी त्याच नारिंगी भिंतीशी
केस न विंचरता बसून,
जून संपेपर्यंत.

दुसरी कुठं जात नाही.
ती पावाचा तुकडा ताटातल्या ताटात
दूरदूर हिंडवून आणते.
गोळी दिसली की म्हणते, फुगशील.
आणि गोळी सोडली
की पहिली जिन्यात शीळ घालते.

इस्पितळात दोघींच्या फायली वेगळ्या.
तिसऱ्या मजल्यावर विचारतात, झोपलीस का?
पहिल्यावर, जेवलीस का?
मध्ये लिफ्ट आहे. बहुधा ती मीच.

काल नेल्सन आला.
संध्याकाळचा चहा, पाव, कुस्करलेला आवोकादो.
तो माझ्या ताटाकडे बघत नाही,
हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.
खारपाण्यातल्या फ्लेमिंगोंचं सांगत होता,
जे खातात त्याचाच गुलाबी रंग चढतो म्हणे अंगावर.
आणि नाही खाल्लं तर?
तो जरा वेळ चावत राहिला.
फिकट दिसतात, म्हणाला. पण उभे असतात.

मी अर्धा पाव खाल्ला.
शूरपणा वगैरे काही नव्हता त्यात.
आवोकादोत मीठ कमी होतं.
मग गोळी.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
मी खाल्ल्या मिठाला झोपते.

उद्या सकाळी रक्त द्यायचंय, उपाशीपोटी.
दुसरी आत्तापासूनच खुशीत आहे.
म्हणून आईनं उरलेला अर्धा पाव फडक्यात बांधून
दाराच्या कडीला अडकवलाय,
इस्पितळाच्या पायरीवर खायला.